जुन्या लॅपटॉपचं वाय-फाय आणि विसाव्या पिनेवरची टेप

लॅपटॉप २००९ चा. कोअर टू ड्युओ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, बॅटरी जेमतेम चाळीस मिनिटं टिकते. कीबोर्ड आणि स्क्रीन ठणठणीत, म्हणून टाकवत नव्हता. त्यावर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) टाकलं. सगळं चालू झालं, फक्त वाय-फाय दिसेना. ते नीट व्हायला ५ जुलै ते १३ जुलै असे नऊ दिवस गेले. खरं काम पाच-सहा तासांचं होतं. बाकीचा वेळ चुकीच्या क्रमाने गोष्टी केल्यामुळे गेला, म्हणून इथे क्रमवार लिहितोय. कमांडची नावं देवनागरीत आहेत; टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाकायची.

शनिवार, ५ जुलै. अशा वेळी बहुतेक जण लॅपटॉपचं मॉडेल घेऊन ड्रायव्हर शोधत बसतात. त्याचा उपयोग होत नाही, कारण एकाच मॉडेलमध्ये कंपन्या दोन-तीन वेगवेगळी कार्डं घालतात. शोधायचा असतो तो कार्डाचा आयडी. ‘एलएसपीसीआय -एनएनके’ दिलं की यादीत ‘नेटवर्क कंट्रोलर’ची ओळ येते आणि तिच्या शेवटी चौकटी कंसात कोलनने जोडलेले दोन आकडे असतात. पहिला आकडा कंपनीचा, दुसरा चिपचा. इथे आला १४ई४:४३१५, म्हणजे ब्रॉडकॉम कंपनीची बीसीएम४३१२ चिप, एलपी-पीएचवाय (कमी विजेवर चालणाऱ्या) जातीची. वहीत हा एक आकडा लिहून घ्या, पुढचं सगळं त्यावरच ठरतं.

त्याच यादीत खाली ‘ड्रायव्हर इन यूज: बी४३-पीसीआय-ब्रिज’ असं दिसतं आणि माणूस फसतो, कारण त्याला वाटतं की ड्रायव्हर तर लागलाय. तो फक्त पूल आहे. कार्डापर्यंत पोचायची वाट तयार झाली, एवढाच त्याचा अर्थ. खरा निरोप ‘डीएमईएसजी’मध्ये, म्हणजे कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नोंदींत असतो. तिथे स्वच्छ लिहिलं होतं की ‘बी४३/यूकोड१५.एफडब्ल्यू’ ही फाइल सापडली नाही.

या कार्डात स्वतःचा एक छोटा प्रोसेसर असतो आणि त्याचा प्रोग्राम कार्डात साठवलेला नसतो. दर वेळी लॅपटॉप सुरू झाला की ड्रायव्हरने तो डिस्कवरून उचलून कार्डात भरायचा. हेच फर्मवेअर. विंडोजमध्ये ते ड्रायव्हरच्या पोटातच येतं, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही. लिनक्सचा बी४३ ड्रायव्हर मुक्त आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे. कंपनीने माहिती दिली नव्हती, तेव्हा एका गटाने कंपनीचा ड्रायव्हर उलगडून चिपचं वर्णन लिहिलं आणि दुसऱ्या गटाने फक्त ते वर्णन वाचून नवा ड्रायव्हर लिहिला. फर्मवेअर मात्र कंपनीचंच लागतं. इटलीतल्या ब्रेशिया विद्यापीठात मुक्त फर्मवेअर तयार झालं होतं, पण ते ४३०६, ४३१८ अशा आधीच्या चिपांसाठी. ४३१५ आयडीच्या या चिपवर ते चालत नाही.

डेबियन १२ पासून इन्स्टॉलरमध्ये फर्मवेअर येतं, मग हे का नाही? कारण ते पुन्हा वाटायची परवानगीच नाही. म्हणून डेबियनमध्ये फाइल नाही, फाइल आणून देणारं पॅकेज आहे. ते कंपनीचा ड्रायव्हर नेटवरून उतरवतं आणि ‘बी४३-एफडब्ल्यूकटर’ने त्यातला हवा तो तुकडा कापून काढतं. म्हणजे नेट मिळवायला आधी नेट हवं. लॅनची तार असेल तर उत्तमच. नसेल तर फोन यूएसबीने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करायचं; लिनक्सला तो फोन तारेच्या नेटवर्कसारखाच दिसतो, वेगळं काही टाकावं लागत नाही. केबल मात्र डेटाची हवी. फक्त चार्जिंगची केबल लावून अर्धा तास घालवता येतो, तो इथे घालवलेला आहे.

पुढचं काम सोपं. ‘सोर्सेस.लिस्ट’मध्ये (पॅकेजं कुठून आणायची त्या यादीत) ‘मेन नॉन-फ्री-फर्मवेअर’च्या पुढे ‘कॉन्ट्रिब’ शब्द वाढवायचा, ‘एपीटी अपडेट’, मग ‘फर्मवेअर-बी४३-इन्स्टॉलर’ टाकायचं, शेवटी ड्रायव्हर काढून पुन्हा चढवायला ‘मॉडप्रोब -आर बी४३’ आणि मग ‘मॉडप्रोब बी४३’. रात्री साडेनऊला नेटवर्कची यादी दिसली. खर्च शून्य, आनंद भरपूर.

रविवारी, आषाढीच्या दिवशी, आनंद ओसरला. घरचं कनेक्शन १०० एमबीपीएसचं, इथे १८ ते २० मिळत होते आणि मधूनच जोडणी तुटायची. तेव्हा कंपनीचा बंद ड्रायव्हर ‘डब्ल्यूएल’ टाकून पाहिला. त्यासाठी ‘नॉन-फ्री’ विभाग लागतो (‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ वेगळा, हा वेगळा), ‘लिनक्स-हेडर्स-एएमडी६४’ (कर्नलसाठी ड्रायव्हर कंपाइल करायला लागणाऱ्या फाइली) लागतं आणि ‘ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस’. जुन्या प्रोसेसरवर ते कंपाइल व्हायला चार-पाच मिनिटं गेली. हे पॅकेज बी४३ आणि त्याच्या जोडीचा एसएसबी यांना काळ्या यादीत टाकतं, म्हणजे सुरूच होऊ देत नाही, त्यामुळे दोन्ही ड्रायव्हर एकत्र नांदत नाहीत. एक ठेवायचा तर दुसरा काढावा लागतो.

वेग? तोच. आणि तो वाढणारच नव्हता. ही चिप ८०२.११ बी आणि जी (वाय-फायच्या जुन्या पिढ्या) एवढंच जाणते, कागदावरच ५४ एमबीपीएसची मर्यादा, त्यातला निम्म्याहून कमी प्रत्यक्ष हाती. हे शनिवारी आयडी शोधला तेव्हाच वाचायला हवं होतं, अख्खा रविवार वाचला असता. शिवाय ‘डब्ल्यूएल’ची मूळ आवृत्ती ६.३०.२२३.२७१ ही २०१५ ची. तेव्हापासून डेबियनसारख्या लिनक्स वितरणांचे लोक तिला ठिगळं लावून नव्या कर्नलवर चालवताहेत. कर्नल अपडेट झाला आणि हेडर्स आले नाहीत, तर सकाळी वाय-फाय गायब. तेव्हा काढून टाकलं. काढताना ‘रिमूव्ह’ नको, ‘पर्ज’ करा. ‘रिमूव्ह’ने काळ्या यादीची फाइल मागे राहते आणि मग बी४३ का लागत नाही याचा शोध सुरू होतो.

तुमच्याकडे बीसीएम४३१३, ४३२२४ किंवा ४३२२५ असेल तर एवढं वाईट नाही. त्यांच्यासाठी ब्रॉडकॉमनेच २०१० मध्ये मुक्त ड्रायव्हर दिला, आज तो ‘बीआरसीएमएसमॅक’ नावाने कर्नलमध्ये आहे. फर्मवेअर लागतं, पण ते वाटायला मुभा आहे. ते कार्ड बदलू नका.

सोमवार कार्ड ठरवण्यात गेला. फर्मवेअरची कटकटच नको असेल तर अथेरॉसच्या त्या काळच्या चिपा घ्याव्यात. कंपनीने २००८ मध्ये ‘एटीएच९के’ हा ड्रायव्हर स्वतःच मुक्त केला आणि या पीसीआय कार्डांना वेगळं फर्मवेअर लागतच नाही. कर्नलमध्ये सगळं आहे. लेबलवरचं नाव आणि आयडी अशी जोडी लक्षात ठेवा: एआर५बी९५ म्हणजे एआर९२८५, आयडी १६८सी:००२बी, एक अँटेना, फक्त २.४ गिगाहर्ट्‌झ. एआर५बी९७ म्हणजे एआर९२८७, १६८सी:००२ई, दोन अँटेना. ५ गिगाहर्ट्‌झही हवं तर एआर९२८० (१६८सी:००२ए) किंवा एआर५बी२२, म्हणजे एआर९४६२ (१६८सी:००३४). या शेवटच्या कार्डातल्या ब्लूटूथला मात्र फर्मवेअर लागतं, वाय-फायला नाही. आणि नुसतं ‘अथेरॉस’ ऐकून पैसे काढू नका. क्यूसीए९३७७ हेसुद्धा त्याच घराण्यातलं, पण त्याचा ड्रायव्हर ‘एटीएच१०के’, त्याला फर्मवेअर हवंच. इंटेलच्या कार्डांचंही तेच: ड्रायव्हर मुक्त, फर्मवेअर बंद. फरक इतकाच की इंटेलचं फर्मवेअर डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये येतं, त्यामुळे त्रास होत नाही. नुसतं वाय-फाय चाललं म्हणजे झालं, असं असेल तर इंटेलचं कार्डही चांगलंच.

विकत घ्यायच्या आधी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली, लॅपटॉपचा बायोस (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्राम) दुसरं कार्ड चालू देतो का. त्या काळच्या थिंकपॅडमध्ये मंजूर कार्डांची यादी बायोसमध्येच असते. यादीबाहेरचं कार्ड घातलं की १८०२ क्रमांकाची चूक दाखवून मशीन तिथेच थांबतं. एचपीच्या बऱ्याच मॉडेलांत १०४ क्रमांकाची चूक येते. अशा मशीनसाठी त्याच कंपनीचा भाग क्रमांक असलेलं कार्ड शोधावं, नाहीतर ज्या थोड्या मॉडेलांवर लिबरबूट किंवा कोअरबूट (बायोसच्या जागी घालायचे मुक्त प्रोग्राम) चालतं तिथे बायोसच बदलावा. हे दुसरं काम पहिल्याच प्रयत्नाला करू नये. या लॅपटॉपला असली यादी नव्हती. दुसरी गोष्ट कार्डाचं माप. मिनी पीसीआय एक्सप्रेस कार्ड पूर्ण असेल तर जवळपास ५१ मिलिमीटर लांब, अर्धं असेल तर २७. रुंदी दोन्हींची ३०. तळाचं झाकण उघडून पाहिलं, अर्धं होतं. पूर्ण जागेत अर्धं कार्ड बसवायचं तर पत्र्याची छोटी पट्टी मिळते. उलटं करता येत नाही.

परदेशातून मागवायचा विचार सोडला. बिनतारी उपकरण देशात आणायला दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखेची ईटीए मंजुरी लागते, आणि साडेतीनशे रुपयांच्या कार्डासाठी कस्टम्सशी पत्रव्यवहार कोण करणार.

मंगळवार, ८ जुलै, मुंबईतला लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण टॅक्सीवाल्यापासून दुकानदारापर्यंत सगळे लॅमिंग्टनच म्हणतात. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरायचं. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात आणि सकाळी अकराच्या आधी जाण्यात अर्थ नाही. मोठ्या काउंटरवर जुनी कार्डं नसतात. लॅपटॉप दुरुस्तीवाल्यांकडे, जुन्या मशीनमधून काढलेल्या मालाच्या डब्यात असतात. दुकानदार आधी विचारतो, “कुठल्या मॉडेलचं?” मॉडेल सांगितलं तर तो जसंच्या तसं ब्रॉडकॉम हातात देईल. कागदावर लेबलवरचं नाव लिहून न्या आणि तोच कागद दाखवा. एआर५बी९५ चे भाव तीन दुकानांत २५०, ३५० आणि ६०० असे निघाले. ३५० वाल्याने लॅपटॉपमध्ये लावून बघू दिलं, म्हणून तिथे घेतलं. ‘फक्त चेकिंग, परत घेणार नाही’ असं बिलावरच छापलेलं होतं; निदान कार्डाचं नाव तरी बिलावर लिहून घ्यावं.

चेकिंगसाठी लाइव्ह यूएसबी (पेन ड्राइव्हवरूनच चालणारं लिनक्स) बरोबर होती. कार्ड खोचलं, ‘एलएसपीसीआय’मध्ये १६८सी:००२बी दिसलं, पैसे दिले, निघालो. इथे घाई झाली. दुकानातच आणखी दोन कमांड द्यायच्या होत्या: ‘आरएफकिल लिस्ट’ (रेडिओ बंद केलेला आहे का ते सांगते) आणि नेटवर्कचं एक स्कॅन. आयडी दिसला म्हणजे कार्ड जिवंत आहे एवढंच कळतं, रेडिओ चालू आहे की नाही ते कळत नाही.

बुधवारी घरी नीट बसवलं. आधी चार्जर आणि बॅटरी काढायची, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरायचं, धातूच्या एखाद्या वस्तूला हात लावायचा. जुन्या तारांचा फोटो काढून ठेवायचा. अँटेनाच्या तारांची ती मोहरीएवढी टोकं सरळ वर ओढायची. तिरकी ओढली की कार्डावरची कडी वाकते. हे जोड साधारण तीस वेळा लावण्या-काढण्यासाठीच बनवलेले असतात, तेव्हा खेळ नको. मुंबईच्या हवेत जुन्या कार्डाचे सोनेरी संपर्क काळपट पडतात, त्यावरून साधा पेन्सिलचा खोडरबर हलक्या हाताने फिरवायचा आणि भुगा झटकायचा. या कार्डावर मुख्य अँटेनाची जागा वेगळी खुणावलेली असते. फोटो पाहूनही ती चुकली तर नेटवर्क दिसतं, पण सिग्नल वीस-तीस डेसिबलने पडतो आणि दोष ड्रायव्हरवर जातो.

चालू केलं. एटीएच९के आपोआप लागला, फर्मवेअरची तक्रार नाही. आणि एकही नेटवर्क नाही. ‘आरएफकिल लिस्ट’ म्हणालं: सॉफ्ट ब्लॉक्ड नाही, हार्ड ब्लॉक्ड होय.

सॉफ्ट म्हणजे सॉफ्टवेअरने बंद केलेलं, ते ‘आरएफकिल अनब्लॉक वायफाय’ने सुटतं. हार्ड म्हणजे तारेवरून आलेला हुकूम, तो कमांडने सुटत नाही. गुरुवारी नेहमीचे उपाय झाले: फंक्शन कळ, बायोसमधलं वायरलेसचं कलम, बायोसच्या मूळ सेटिंग्ज, लॅपटॉप कंपनीच्या कळांचं मॉड्यूल काढून पाहणं. या क्रमाने तुम्हीही करा, कारण बऱ्याचदा गोष्ट इथेच सुटते. ही सुटली नाही.

मिनी पीसीआय एक्सप्रेसच्या ५२ पिनांपैकी विसावी पिन ‘डब्ल्यू-डिसेबल’. लॅपटॉपने ती खाली ओढली की कार्डाने रेडिओ बंद करायचा. प्रत्येक कार्ड ही पिन सारखीच मानतं असं नाही, त्यामुळे जुनं कार्ड बिनधास्त चालतं आणि नवं त्याच जागी मुकं बसतं. उपाय म्हणजे ती पिन झाकणं. काळी इलेक्ट्रिकची टेप वापरू नका; ती जाड असते आणि उष्णतेने तिचा डिंक सॉकेटमध्ये उतरतो. पिवळसर कॅप्टॉन टेप (पातळ, उष्णता सोसणारी) लागते. शुक्रवारी दादरच्या एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात ९० रुपयांना छोटी गुंडाळी मिळाली.

पिन शोधायची कशी: विषम पिना वरच्या बाजूला, सम मागच्या. कार्डाच्या कडेला एक खाच असते. खाचेच्या आखूड बाजूला १६ पर्यंतच्या पिना आणि लांब बाजूला १७ पासूनच्या. कार्ड पालथं करा, खाचेपासून लांब बाजूला पहिली १८, दुसरी २०. दोन पिनांच्या मध्यापासून मध्यापर्यंत अंतर फक्त ०.८ मिलिमीटर. म्हणून नव्या ब्लेडने मिलिमीटरहून बारीक पट्टी कापायची, चिमट्याने ठेवायची, टोक कार्डावर मागे वळवून चिकटवायचं आणि सॉकेटमध्ये तिरकं घालून मग खाली दाबायचं, नाहीतर टेप आत गोळा होते. १८ वर थोडी गेली तरी फारसं बिघडत नाही, ती अर्थिंगची आहे. २२ वर गेली तर मात्र कार्डाला रीसेटचा इशारा मिळत नाही आणि ते ‘एलएसपीसीआय’मधूनच नाहीसं होतं. पहिल्या प्रयत्नात नेमकं हेच झालं. कार्ड जळालं असं वाटून दहा मिनिटं छातीत धस्स झालं होतं. टेप काढून पुन्हा लावली. दुसऱ्या वेळी हार्ड ब्लॉक्ड नाही.

टेप लावल्यावर लॅपटॉपचं वाय-फायचं बटण कायमचं निकामी होतं हे लक्षात असू द्या. बंद करायचं तर ‘एनएमसीएलआय रेडिओ वायफाय ऑफ’.

शनिवारी फोनच्या हॉटस्पॉटवर झकास चाललं. घरचं नेटवर्क मात्र यादीतच येईना, शेजारपाजारची सत्तावीस दिसत होती. राऊटरच्या पानावर पाहिलं, तो चॅनल १३ वर होता. ‘ऑटो’वर ठेवलेला, आणि इमारतीतली सगळी गर्दी १, ६, ११ वर, म्हणून त्याने मोकळी जागा गाठलेली. ‘आय-डब्ल्यू लिस्ट’मध्ये २४६७ आणि २४७२ मेगाहर्ट्‌झपुढे ‘डिसेबल्ड’ लिहिलेलं होतं. म्हणजे चॅनल १२ आणि १३. भारतात १ ते १३ चालतात, अमेरिकेत सहसा ११ पर्यंतच. ‘आय-डब्ल्यू रेग सेट आयएन’ दिलं तरी फरक पडला नाही. कारण अथेरॉसच्या कार्डात देशाची नोंद कारखान्यातच लिहिलेली असते, आणि आपण सांगितलेला देश व ती नोंद या दोन्हींत जे चॅनल मान्य असतील तेवढेच ड्रायव्हर उघडतो. परवानगी कमी करता येते, वाढवता येत नाही. ही नोंद पुसायचे पॅच लोक फिरवतात. त्यांच्या नादी न लागता राऊटर बदलणं सोपं. रविवारी सकाळी स्कॅन करून सर्वांत कमी गर्दीचा चॅनल ११ निघाला, तो राऊटरला पक्का करून दिला, रुंदी २० मेगाहर्ट्‌झ. मुंबईतल्या इमारतीत २.४ वर ४० मेगाहर्ट्‌झ मागण्यात हशील नाही. राऊटरची सुरक्षा डब्ल्यूपीए२ वर ठेवली. नुसत्या डब्ल्यूपीए३ वर जुन्या कार्डांची खात्री नसते.

‘आय-डब्ल्यू डेव्ह’ लावून ‘लिंक’ विचारल्यावर आलं: सिग्नल उणे ५२, दर ६५ एमबीपीएस. एका अँटेनाच्या एआर९२८५ चा २० मेगाहर्ट्‌झवर एवढाच असतो. प्रत्यक्षात ३८ ते ४२ मिळतात, जुन्याच्या दुप्पट. कार्ड ३५०, टेप ९०, रेल्वेचं परतीचं तिकीट १०; एकूण ४५० रुपये. नंतरही कधी जोडणी अडखळली तर नेटवर्क-मॅनेजरच्या सेटिंगमध्ये ‘वायफाय.पॉवरसेव्ह = २’ लिहून वीज वाचवणं बंद करा. २ म्हणजे बंद, ३ म्हणजे चालू. आकडे उलटे वाटतात, पण तसेच आहेत.

जुनं कार्ड पाकिटात घालून वर १४ई४:४३१५ लिहून ठेवलंय. झाकणाच्या आतल्या बाजूलाही कागदाची एक पट्टी चिकटवली आहे: ‘पिन २० ला टेप आहे. कार्ड बदलताना नवीन लावणे. १३-७-२०२५.’